कोन लोक? नाव सांग

आमच्या आमदारांसमोर कुणी 'लोक म्हणतात' असं सुरू केलं की ते वाक्य पुरं व्हायचं नाही. भाऊ हातातला कोऱ्या चहाचा कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कोन लोक? नाव सांग."

समोरचा गडबडायचा. "तसं नाई जी भाऊ, सारेच म्हणून राह्यले."

"सारे एकदम बोलते का बाप्पा? सारे एकदम फक्त भजन म्हणते. तुले कोनं सांगतलं?"

नाव निघालं की भाऊ त्या माणसाकडे जायचे. निरोप धाडून बोलावून घेता आलं असतं, पण बोलावलेला माणूस येताना उत्तर तयार करून येतो असं त्यांचं म्हणणं. तो माणूस दुसऱ्याचं नाव घ्यायचा, दुसरा तिसऱ्याचं. इकडे दारात अर्ज घेऊन लोक ताटकळलेले, विजेच्या खांबांची आणि रेशन कार्डांची कामं पडलेली, आणि आमदार कुठे? तर एका अफवेच्या मागे धानाच्या बांधावरून चालत निघालेले. मला मनस्वी संताप यायचा आणि तो मी गिळत नसे. "भाऊ, तुमाले पोलिसात जायाले पायजे होतं," असं मी एकदा तोंडावर म्हटलं, तर ते खूशच झाले. "गेलतो ना भरतीले. छाती कमी भरली," म्हणाले.

मी त्यांच्या कार्यालयात लागले ती कॉम्प्युटरमुळे. माहेर माझं सावलीचं, लग्न होऊन वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले. नागपूरला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई तेव्हा तालुक्यात शोधून सापडली नसती, म्हणून भाऊंनी मला बोलावलं. मला माणसं चटकन आवडत नाहीत आणि पुढारी तर त्याहून नाहीत. भाऊ आवडायला बराच काळ गेला. आता ते नाहीत, तर सांगूनच टाकते: मला त्यांच्याविषयी जेवढा आदर वाटला तेवढा माझ्या सख्ख्या वडिलांविषयीही वाटला नाही, आणि माझे वडील काही वाईट नव्हते.

दिसायला अगदी साधे. पांढरा पायजमा, त्यावर वर्षानुवर्षांचं एकच राखाडी जाकीट, चष्म्याला काळा दोरा. आवाज मात्र बाजारभर जाईल असा. आमच्याकडे माणसाच्या तोंडात शब्दाआधी खर्रा असतो. तो तंबाखू-सुपारीचा बार भरून कुणी बोलायला लागला की भाऊ बोट दाराकडे दाखवायचे. "आधी थुकून ये. मंग सांग. तोंडात खर्रा असला का मानूस हव आनं नाई एकसारखंच बोलते." भलेभले कंत्राटदार निमूटपणे उठून थुंकून आलेले मी पाहिले आहेत.

कार्यालय राईस मिलला लागून होतं. मिल चालू असली की कोंडा उडून सगळ्यांवर बसायचा, कॉम्प्युटरवर तर जास्तच. ते यंत्र आलं त्या दिवशी भाऊंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या वायरी पाहिल्या आणि मला विचारलं, "बाई, यातलं कोनं चोरून नेलं तं आपल्याले समजन कसं?"

मी म्हटलं, "पासवर्ड असते जी भाऊ. त्याच्याशिवाय उघडत नाई."

"ते कुलूप झालं. कुलूप तोडलं जाते. मी काय इचारून राह्यलो, चोरी झाल्यावर समजन कसं? आलापल्लीच्या जंगलातून कोनं सागवान तोडून नेलं, तं बुडाचं थुटूक मागं राह्यते. गार्ड सकाळी येते, थुटूक पायते, म्हणते चोरी झाली. याच्यातलं नेलं तं ते इथीबी राह्यते आनं चोराकडंबी जाते. मंग थुटूक कुठी?"

माझ्या कोर्समध्ये हे नव्हतं.

भाऊंनी तो प्रश्न सोडला नाही. सरकारने सातबारे कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांनी उभं राहून मंत्र्यांना हेच विचारलं. आपल्याच बोलीत विचारलं, कारण सभागृहातही ते आमच्या झाडीपट्टीचीच भाषा बोलायचे आणि भाषण लिहून घेणाऱ्यांचा घाम काढायचे. रात्री कुणी आत शिरून एखाद्याचा बांध इकडचा तिकडे केला, तर सकाळी तलाठ्याला थुटूक कुठे दिसेल? सभागृह खो खो हसलं. मंत्र्यांनी 'सन्माननीय सदस्यांनी जंगलाची काळजी करावी' अशा अर्थाचं काहीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरने भाऊंची गंमत केली. मला वाचून वाईट वाटलं, ते मात्र म्हणाले, "हासले तं हासले. आयकलं ना?" पुढे मी या क्षेत्रातल्या मोठ्या शिकलेल्या लोकांची व्याख्यानं ऐकली. घाम गाळून ते जे सांगत होते ते भाऊंनी केव्हाच विचारून ठेवलेलं होतं.

आणि हाच माणूस स्वतःच्या ई-मेलचा पासवर्ड गावाला सांगत सुटला.

पासवर्ड म्हणून त्यांनी आपल्या बैलाचं नाव ठेवायला लावलं. बैल शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाव काढलेला, त्यामुळे ते नाव पोराटोरांना ठाऊक. तेवढ्याने भागलं नाही. चहाला आलेल्या प्रत्येकाला ते कौतुकाने सांगायचे, "आपलं टपाल आता यात येते. कोनाले पायजे तं उघडा, लिहा, वाचा." मी डोकं धरून बसायचे. "भाऊ, सरकारच्या कागदाले पहारेकरी मांगता, आनं सोताच्या घराले?" यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. आमच्या खेड्यांत कुणी परगावी जाताना दाराला कुलूप लावतं ते कुत्र्या-डुकरांसाठी, आणि किल्ली शेजाऱ्याकडे देऊन जातं. किल्ली बरोबर घेऊन गेलं तर शेजारी रुसतो, की आमच्यावर भरवसा नाही का. "सरकारचं गोदाम येगळं. मी लोकाईचा मानूस. लोकाईनं मले लिव्हलं, लोकाईनं वाचलं, काय चोरी झाली?" त्या रीतीत वाढलेल्या माणसाला मी काय समजावणार? मी पासवर्ड बदलला की ते दुसऱ्या दिवशी नवाही जाहीर करायचे.

बाहेरून आलेल्या माणसांविषयी त्यांची मतं अशीच ठाम आणि पुढाऱ्याला न परवडणारी होती. वैनगंगेच्या दोन्ही काठांचे आमचे हे दोन जिल्हे म्हणजे सगळ्या दिशांनी माणसं येऊन बसलेले. छत्तीसगडातून आलेले, सिरोंच्याकडून तेलुगू बोलत आलेले, वऱ्हाडातून कपाशीबरोबर आलेले, आणि कोरपन्याकडे सिमेंट कारखाने उभे राहिल्यावर यूपी-बिहारमधून आलेले. 'बाहेरच्यांना हाकला' असं भाषण सगळीकडे टाळ्या घेतं. कोरपन्याकडच्या पोरांनी भाऊंना एकदा तशाच सभेला बोलावलं. भाऊ बोलले, की इथल्या पोराला आधी नोकरी मिळालीच पाहिजे, त्यासाठी मी गेटवर बसतो. टाळ्या पडल्या. पुढच्याच वाक्यात म्हणाले, की त्या बिहाऱ्यांच्या झोपड्यांना पाण्याचा नळ नाही, त्यासाठीही मी तिथेच बसतो, एकाच बसण्यात दोन्ही कामं होतील. टाळ्या बंद झाल्या.

त्यांना हे कुठून आलं ते मला एका हिवाळ्यात कळलं. एका बाजाराच्या गावात सायकलवर ब्लँकेटं विकणारे दोन परदेशी, म्हणजे आमच्या भाषेत परप्रांतातले, गावकऱ्यांनी शाळेच्या खोलीत कोंडले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी आवई उठली होती आणि बाहेर काठ्या घेऊन गाव जमलं होतं. भाऊ पोलिसांच्या आधी पोचले. मीही जीपमध्ये होते. भाऊ थेट गेले आणि शाळेच्या उंबरठ्यावर मांडी घालून बसले, म्हणजे आत जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागेल.

"कोनाचं पोट्टं नेलं?"

कोणाचंच नव्हतं नेलं. पण शेजारच्या गावातलं नेलं, लोक म्हणून राह्यले.

"कोन लोक? नाव सांग."

मग तो नेहमीचा खेळ सुरू झाला. काठी धरलेल्याने चहावाल्याचं नाव घेतलं, चहावाल्याने आपल्या मेव्हण्याचं, मेव्हण्याने बायकोचं. बायकोने पाण्याच्या हापशीवर ऐकलं होतं. लोक चिडले, कंटाळले, मग हळूहळू त्यांनाच गोडी लागली. 'आता कोण निघते पाहू' म्हणून गर्दी पुढे सरकली. शेवटी नाव निघालं ते गर्दीतच उभ्या असलेल्या एका म्हातारीचं. तिने कपाळावर हात मारला. नातू जेवत नव्हता, म्हणून 'गुमान जेव, नाई तं कांबळवाला धरून नेईन' असं ती म्हणाली होती. एवढंच. नातू दुसऱ्या पोराजवळ बोलला होता आणि शेवटी गावाने काठ्या काढल्या होत्या.

लोक हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी त्या दोघांना बाहेर काढलं आणि म्हातारीला सांगितलं की आज यांना तुझ्या घरी भात वाढ. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "बाई, आपले लोक मिरची तोडाले आंध्रात जाते. बायापोरं घेऊन, ट्रक भरभरून. भाषा येत नाई, वावरात झोपते. तिथीबी एखादी म्हातारी असन, आनं तिचा नातूबी जेवत नसन. तिथी आपून कांबळवाले." दरवर्षी मिरचीचे ट्रक सुटताना भाऊ भल्या सकाळी रस्त्यावर का उभे राहतात, पोरांची नावं का विचारतात, ते मला त्या दिवशी समजलं. मी तोवर समजत होते की मतांसाठी.

मतदारसंघातला खरा नाजूक विषय मात्र बंगाल्यांचा होता. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या कुटुंबांना सरकारने कधीकाळी आमच्या जंगलात वसवलं. त्यांनी धान लावलं, खड्डे खणून मासे पाळले, त्यांची नातवंडं आता माझ्याहून चांगली झाडीबोली बोलतात. पण त्यांच्या जमिनीचे पट्टे अजून पक्के नव्हते. आणि आमच्या गावांतली ढिवर, म्हणजे मासेमार, कुटुंबं पिढ्यानपिढ्या जुन्या मालगुजारी तलावांवर, मामा तलावांवर, जगणारी. बाजारात दोघांच्याही टोपल्या शेजारी शेजारी लागायच्या आणि भाव पडला की एकमेकांकडे वाकडं बघितलं जायचं. भाऊंचं मत सरळ होतं. तलाव ज्या गावाचा, त्यातला मासा त्या गावच्या ढिवरांचा; त्यात बंगाल्याने हात घालायचा नाही. आणि जमीन ज्याने कसली, पट्टा त्याचा. त्यात ढिवराने तोंड घालायचं नाही. मत सरळ असलं तरी मतदान सरळ नसतं, म्हणून निवडणुकीच्या काळात भाऊंचे कार्यकर्ते हे दुसरं वाक्य त्यांना जाहीर बोलू देत नसत. बोलू न देणाऱ्यांत सुधाकर पहिला.

सुधाकर म्हणजे भाऊंच्या प्रचाराचा सगळा भार उचलणारा माणूस. स्वतःची बायको बाळंत होत असताना भाऊंची सभा लावत फिरलेला. समोर या खेपेला एक वकीलसाहेब उभे होते, पैशाने आणि माणसांनी तगडे, आणि वारं त्यांच्या बाजूचं होतं. तलावांची गावं ज्याच्याकडे जातील तो निवडून येणार, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ती गावं वकीलसाहेबांकडे झुकलेली होती.

अशात एका सकाळी जिल्ह्याच्या एका पेपरात बातमी आली. वकीलसाहेबांनी बंगाली वसाहतीत गुप्त बैठक घेऊन, निवडून आल्यास मामा तलावांचे ठेके वसाहतीला देण्याचा शब्द दिला आहे. दुपारपर्यंत त्या बातमीच्या झेरॉक्स गावागावांत पोचल्या. संध्याकाळी तलावांच्या गावांतून वकीलसाहेबांचे झेंडे उतरले. आमच्या कार्यालयात पेढे आले. मीसुद्धा एक खाल्ला.

भाऊंनी पेढा घेतला नाही. "वकील असं बोलला?" त्यांनी विचारलं. "कोनं आयकलं?"

"पेपरात आलं ना जी!" पेढे आणणारा म्हणाला.

"पेपर काय बैठकीत गेलता?"

मतदान तोंडावर आलेलं, आणि भाऊ दुसऱ्या दिवशी सभा रद्द करून अफवेच्या मागे निघाले. आधी वसाहतीत गेले. तिथले म्हातारे शपथा घ्यायला लागले की वकीलसाहेब आमच्याकडे फिरकलेच नाहीत. उलट कालपासून बाजारात आमच्या बायकांच्या टोपल्या लोक लाथाडून राहिले आहेत. एका बाईच्या हाताला लागलं होतं. ते पाहून भाऊंचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. तिथून ते झेरॉक्सच्या दुकानात गेले, आणि तिथून पेपरच्या कचेरीत. मी बरोबर होते. संपादक आधी टाळाटाळ करत होते. मग म्हणाले, "भाऊ, आता काय सांगू तुम्हाला? ही बातमी तर तुमच्याच ई-मेलवरून आली. आम्हाला वाटलं तुम्हीच पाठवली."

आजवर ते तोंडामागून तोंड गाठत परक्याच्या दारात पोचायचे. या वेळी वाट त्यांच्याच दारात आली.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "भाऊ, पासवर्ड कोनाकोनाले माहीत हाय ते पाहू. पोलिसात देऊ. कोनं तरी चोरी केली म्हणून सांगून देऊ, आपल्यावर काई येत नाई." मी खोटं सुचवत नव्हते, चोरी झालीच होती.

"चोरी कायची, बाई? किल्ली मीच वाटली."

शोधायची गरजही पडली नाही. कार्यालयात पाय ठेवताच सुधाकर समोर आला. "मीच केलं भाऊ. आनं केलं म्हून काई शरम नाई मले. वकील निवडून आला तं तुमचे बंगाली कुठी जातीन? पट्टे कोन देईन त्याइले? तो देईन का? तुमी आमदार राह्यले तं दोनी गोष्टी होते. एक खोटी बातमी, आनं पाच वर्सं खरं काम. पाप लागलं तं मले लागू द्या."

मला वाटलं, याच्यात चूक काय आहे? आजही कधीकधी वाटतं. भाऊंनाही ते वाटलं असणार. ते खुर्चीत बसून जाकिटावरचा कोंडा झटकत राहिले. मग म्हणाले, "त्या बाईच्या हाताले लागलं, सुधाकर. कांबळवाल्याले तं मी सोडवून आनलं होतं. इथी मीच म्हातारी झालो." आणि मला म्हणाले, "उद्या तलावावर जाऊ."

पेपरवाल्यांनी खुलासा छापतो म्हटलं होतं, पण आतल्या पानावर, आणि तो तलावांच्या गावात पोचेपर्यंत मतदान होऊन गेलं असतं. भाऊंनी त्यातलं सगळ्यात मोठं गाव निवडलं, कारण बाकीची गावं त्याच्याकडे बघून चालतात. त्या गावच्या ढिवरांत एक रिवाज आहे. जाळ्याचं भांडण तलावाच्या पाळीवर बसून मिटलं नाही, तर ज्याला बोलायचं त्याने गुडघाभर पाण्यात उतरून बोलायचं. ज्या पाण्यावर पोट आहे त्यात उभं राहून खोटं बोलायचं नाही. पाण्यातलं बोलणं गाव मानतं. पण त्याला एक अट आहे. पाण्यात उभ्या असलेल्याला कोणीही काहीही विचारावं आणि त्याने उत्तर दिल्याशिवाय बाहेर येऊ नये. भाऊंना हा रिवाज नीट ठाऊक होता. म्हणूनच सुधाकर रस्ताभर विनवत होता, की पाळीवरूनच सांगा, पाण्यात उतरू नका.

गाव जमलं. लोक आनंदात होते, भाऊंच्या नावाने घोषणा चालल्या होत्या. भाऊंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पायजमा वर खोचला, आणि शिंगाड्याच्या वेली बाजूला सारत पाण्यात उतरले. घोषणा आपोआप थांबल्या.

"पेपरातली बातमी खोटी हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज पार दुसऱ्या काठापर्यंत गेला. "वकील तसं बोलला नाई. ते खोटं माह्या घरातून गेलं. कोनं धाडलं ते इचारू नका, घर माहं हाय."

मग सोनाबाई पुढे आली. मासेमारी सोसायटीचा कारभार हीच बघायची, बाजारात तिच्या भावावर बाकीच्या भाव ठरवायच्या. पदर खोचून पाण्याच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं, रिवाज आहे तर हिनेच 'या बाहेर' म्हणावं आणि सोडवावं. तिने तसं केलं नाही.

"हे झालं वकिलाचं," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा भाऊ. तुमी निवडून आले, तं बंगाल्याइचं काय करान?"

सुधाकर माझ्या शेजारी उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले. 'तलाव तुमचाच राहील' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही खरंच होतं, आणि गाव तेवढ्यावर समाधानी झालं असतं.

"तलाव तुमचाच राह्यन," भाऊ म्हणाले. "त्याच्यात कोनी हात घातला तं मी आडवा पडीन." ते थांबले. "आनं बंगाल्याइच्या जमिनीचे पट्टे पक्के कराले मी भांडीन. त्याइले सरकारनं आनलं, जंगल तोडून त्याइनं वावर केलं, पोट्टे इथी जनमले. त्याइले जा म्हनाले जागा कुठी हाय? हे मी करीन. मत देल्लं तंबी करीन."

"आनं नाई देल्लं तं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तं करता येनार नाई ना मले," भाऊ म्हणाले. "पन बोलीन तरी."

सोनाबाईने मान हलवली आणि बाजूला झाली. भाऊ पाण्यातून बाहेर आले. त्यांच्या पायांना शेवाळ लागलं होतं. लोक पांगले, कोणी शिवी दिली नाही, कोणी जयही म्हटला नाही. सुधाकर जीपच्या मागे जाऊन लहान पोरासारखा रडला. भाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, त्याला एक शब्दही बोलले नाहीत. पुढेही कधी त्याला दोष दिला नाही.

निकाल लागला. भाऊ पडले. तलावांची गावं पार गेली आणि सगळ्यात जास्त त्या मोठ्या गावानेच पाडलं. वसाहतीची मतं पडली, पण ती कितीशी असणार! मतमोजणीहून आल्यावर भाऊंनी कोरा चहा मागवला, सगळ्यांना दिला, आणि वकीलसाहेबांचं अभिनंदन करून यायला पायीच गेले. मला मात्र राग आवरेना. त्या गावाचा राग, त्या पाण्याचा राग, सोनाबाईचा तर फारच. ज्या माणसाने तुमच्यासमोर खुर्ची पाण्यात सोडली त्याला तुम्ही असं फेडता?

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयातलं सामान आवरायला गेले, तर दारात सोनाबाई उभी. बरोबर सोसायटीच्या आणखी दोघी.

"भाऊ हायेत का?"

"काऊन? आता कायले?"

"सोसायटीच्या ठेक्याची मुदत सरून राह्यली. जिल्ह्याचा साहेब आमचे कागदच घेत नाई. भाऊले संग न्याले आलो."

माझा तोल सुटला. "मत कोनाले देल्लं, सोनाबाई?"

तिने नजर चुकवली नाही. "वकिलाले. साऱ्या मोहल्ल्यानं."

"मंग वकिलाकडं जा ना! आमदार आता ते हायेत. इथी कायले आल्या?"

सोनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच काही अडाण्यासारखं विचारत होते. "पट्ट्याची गोठ भाऊची आमाले नाई पटली बाई, म्हून मत नाई देल्लं. पन वकिलावर भरोसा कोनं ठेवला?"

भाऊ आत कपाटाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते चपला घालतच बाहेर आले, मत कोणाला दिलं ते काही विचारलं नाही. "कागद आनले का?" म्हणाले, आणि एसटी स्टँडकडे निघाले. तिघी त्यांच्यामागून चालू लागल्या.